मावशीला भोंगा का?

"चांगलं आहे," बाबा म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "नोकरी चालू आहे ना?"

माझ्या पहिल्यावहिल्या ऑर्केस्ट्रा-रचनेवरचा हा पहिला अभिप्राय. रचना एकोणीस मिनिटांची, वाद्यं तेवीस, खपलेली वर्षं तीन. बाबांनी मिरजेत बसून त्यातली चार मिनिटं ऐकली, तीही टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज बारीक न करता.

आता माझा आणि ऑर्केस्ट्राचा संबंध काय, असं कोणीही विचारेल. बायको अजून विचारते. लहानपणी मी चार वर्षं पेटीच्या क्लासला जात होतो. भूप झाला, दुर्गा झाला, तिसऱ्या रागाच्या वेळी क्लासच्या बाई लग्न होऊन सोलापूरला गेल्या. डब्लिनला आलो तो सॉफ्टवेअरच्या कामासाठी, आणि बरीच वर्षं मी इथे कोणाला त्रास दिला नाही. मग एकदा लेकीच्या शाळेची सहल पार्नेल स्क्वेअरच्या गार्डन ऑफ रिमेम्ब्रन्समध्ये गेली. सोबतीला एक पालक हवा होता, मी गेलो. तिथे ऑशीन केली या शिल्पकाराचं १९७१ सालचं शिल्प आहे. चार मुलं खाली कोसळताहेत आणि त्यांच्यातूनच चार हंस वर उठताहेत. बाकीची पोरं सँडविच खात होती. मी मात्र तिथेच बिघडलो.

गोष्ट अशी. आटपाट नगरात लिर नावाचा राजा. त्याची राणी चार लेकरं मागे ठेवून वारली. मुलगी फिनूला, मुलगे ए, फीअक्रा आणि कॉन. मुलाचं नाव खरोखरच 'ए' आहे. लिहिताना त्याला चार अक्षरं लागतात, म्हणताना एकच. आयरिश भाषेत उरलेली अक्षरं पाहुण्यांसाठी काढून ठेवल्यासारखी असतात. आमच्या घरी मात्र त्यामुळे गोंधळ झाला. मी गोष्ट सांगताना "ए!" म्हटलं की लेक "काय?" म्हणायची.

तर राजानं राणीच्या बहिणीशी, ईफाशी, दुसरं लग्न केलं. म्हणजे मुलांची मावशीच सावत्र आई झाली. तिला मुलांचा मत्सर वाटला. तिनं त्यांना वेस्टमीथमधल्या डेरावारा तळ्यावर अंघोळीला नेलं आणि चौघांचे हंस करून टाकले. ३०० वर्षं त्या तळ्यावर, ३०० वर्षं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या मॉइलच्या समुद्रात आणि ३०० वर्षं मेयोच्या किनाऱ्यावरच्या इनिशग्लोरा बेटाशी. शेवटी घंटा वाजते, शाप सुटतो, हंसांची पुन्हा माणसं होतात. पण नऊशे वर्षांची म्हातारी माणसं, आणि तिथेच मरतात.

"९०० वर्षं १९ मिनिटांत बसवलीत," मी बायकोला अभिमानानं सांगितलं. "म्हणजे मिनिटाला साधारण ४७ वर्षं."

"हो, जाणवलं तसं," ती म्हणाली.

या उद्योगाला हल्ली खर्च नाही, हीच खरी अडचण. म्यूझस्कोर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पडद्यावर स्वर टाकायचा, कळ दाबायची, की ऑर्केस्ट्रा वाजायला लागतो. एखाद्या वाद्याला न झेपणारा स्वर टाकला तर तो लाल होतो. माझी पानं सुरुवातीला लग्नपत्रिकेसारखी दिसत. पण लाल झाला तरी स्वर वाजतो, तक्रार करत नाही. संगणकाला फुप्फुसं नसतात, चहाची सुट्टी नसते आणि मत नसतं. अशा संगतीत माणसाला आपण मोठे संगीतकार आहोत असं वाटू लागलं तर नवल नाही.

आठ-नऊ महिन्यांनी कळलं की हे सगळं आधी होऊन गेलंय. हॅमिल्टन हार्टी हा इकडचाच संगीतकार. त्याची 'द चिल्ड्रन ऑफ लिर' १९३९ साली लंडनमध्ये वाजली. तळं, वादळ, घंटा, सगळं त्यात आहे. माझी एक खास कल्पना होती, की हंसांचं गाणं एका बाईच्या आवाजात, शब्दांशिवाय, नुसत्या आकारात घ्यायचं. हार्टीनं तेही करून ठेवलंय. मी दोन दिवस सॉफ्टवेअर उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी विचार केला, हार्टीला हंसध्वनी कुठे माहीत होता?

हंसांची गोष्ट आणि हंसध्वनी! हे सुचलं तेव्हा मी किचनमध्ये एकटाच हसलो. मूळचा कर्नाटक संगीतातला हा राग भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी आपल्याकडे रुजवला. सा रे ग प नि, पाच स्वर, मध्यम आणि धैवत वर्ज्य. अडचण दुसऱ्या दिवशी कळली. ऑर्केस्ट्राला सुरावटीखाली तीन-तीन स्वरांचे मेळ लागतात, आणि या पाच स्वरांतून सरळ असे तीनच निघतात: सा-ग-प, ग-प-नि आणि प-नि-रे. तीन मेळांवर नऊशे वर्षं काढायची म्हणजे तीन भाज्यांवर अख्खं लग्न उरकायचं. शेवटी, एका रात्री दीडच्या सुमारास, मी डबल बासमध्ये हळूच एक मध्यम सरकवून दिला. इतक्या खालचा स्वर, कोणाला कळणार?

आमच्या गल्लीत तंबोरे करणारे एक चाचा आहेत. मिरजेचा असून त्यांना न ऐकवणं बरं दिसलं नसतं. बाबांनी फोन नेऊन दिला. चाचांना मोबाईलचा आवाज पुरेना, तेव्हा त्यांनी समोरच्या अर्धवट झालेल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तो पालथा ठेवला, हाताला लागलेला लाकडाचा भुसा लुंगीला पुसला आणि डोळे मिटले. नवी मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा ब्लूटूथ स्पीकर मी बाबांना घेऊन दिला होता. तो कपाटात होता. चाचांच्या भोपळ्यातून माझा ऑर्केस्ट्रा असा घुमला की मलाच तो ओळखू येईना.

सहा मिनिटांनी चाचांनी डोळे उघडले.

"मध्यम लागला," ते म्हणाले.

"चाचा, तो... खालून आहे."

"खालून लागला तरी लागलाच." मग म्हणाले, "आणि एक सांगू बेटा? पोरं शापात आहेत ना? मग हंसध्वनी कशाला? हा तर गणपती बसवायचा राग. तुझे हंस लईच खूश आहेत."

याच सुमारास आईनं ऐकलं. आईचा अभिप्राय संगीतावर नव्हताच, कथानकावर होता. नऊशे वर्षं पोरांना खायला कोण घालत होतं? आणि बापानं काय केलं? दुसरं लग्न करताना बाई कशी आहे याची चौकशी नको का करायला? "आणि मावशी असं करेल होय रे? माय मरो पण मावशी उरो असं म्हणतात आपल्यात." मी म्हटलं, आयर्लंडमध्ये ही म्हण पोचली नव्हती. आईनं हे सगळं त्याच दुपारी इचलकरंजीला मावशीला कळवलं. काय कळवलं, ते पुढे कळलं.

इथल्या शेजाऱ्यांकडून मला मोठी आशा होती. आयरिश माणूस तोंडावर वाईट बोलत नाही. अडचण अशी की तोंडावर काहीच बोलत नाही. शेजारच्या आजोबांनी पूर्ण १९ मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "ग्रँड." मी खूश! ग्रँड म्हणजे भव्यच की. लेकीनं नंतर समजावलं, "बाबा, इथे ग्रँड म्हणजे ठीक." आणि त्यातही सुरांचा खेळ आहे. "ग्राँऽऽड" असा लांबवला तर खरंच आवडलंय. मध्यम लांबीचा असेल तर पावसात भिजणार नाही इतपत बरं. आणि आखूड, तुटका "ग्रँड" म्हणजे विषय संपला. आजोबांचा कुठला होता, ते आठवून आठवून मी तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी ते कुंपणापाशी थांबून म्हणाले, "यात तुमची मेहनत फार गेली असणार." याचा अर्थ लेकीला विचारायचं धाडस झालं नाही.

पण त्यांनीच ओळख काढून दिली. एका पॅरिश हॉलमध्ये मंगळवारी संध्याकाळी हौशी वादकांचा ऑर्केस्ट्रा जमतो. चहानंतरची बारा मिनिटं त्यांनी मला देऊ केली. समोर ठेवलेले कागद प्रथमच बघून वाजवायचे. हे काम सोपं नाही. १९०४ साली डब्लिनच्या फेश क्योल या संगीत स्पर्धेत जेम्स जॉइस गायला उभा राहिला होता. गायला उत्तम, पण न पाहिलेली चीज समोर ठेवली तेव्हा त्यानं ती म्हणायला साफ नकार दिला आणि हाती ब्राँझपदक घेऊन परतला. जॉइसनं जे नाकारलं ते माझ्यासाठी वीस-पंचवीस भली माणसं बिस्किटाच्या मोबदल्यात करणार होती.

हार्पवालं कोणी नव्हतं. ज्या देशाच्या नाण्यावर हार्प, पासपोर्टवर हार्प, त्या देशात मला हार्प मिळेना. (ही सरकारी हार्पसुद्धा उलट्या बाजूला तोंड करून आहे, कारण सुलट्या बाजूची गिनेस बिअरवाल्यांनी १८७६ सालीच नोंदवून ठेवली होती.) हार्पचे स्वर एका मुलानं इलेक्ट्रिक कीबोर्डवर वाजवले.

पहिल्या पानावर बासरीवाल्या आजींनी हात वर केला. पांढरे केस, चष्म्याला साखळी, अत्यंत नम्र आवाज. "माफ करा, मला श्वास घ्यायला कुठे परवानगी आहे?" मी पान पाहिलं. एक्केचाळीस मात्रांच्या ओळी, एक विराम नाही. संगणकानं हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या पानावर वादळ सुरू झालं, आणि जे वाजलं ते मी लिहिलेलं नव्हतं. क्लॅरिनेट, हॉर्न आणि बाकी सगळे यांच्यात जणू भांडण लागलं होतं. नंतर उलगडा झाला. या वाद्यांची पट्टी निराळी असते. क्लॅरिनेटवाला कागदावरचा सा वाजवतो तेव्हा खरा निघतो तो एक पूर्ण स्वर खालचा. हॉर्नचा तर थेट खालचा मध्यम. त्यांचे कागद त्या हिशोबानं बदलून छापायचे असतात. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, ते मी दाबलं नव्हतं. म्हणजे गायक काळी एकमध्ये, पेटी पांढरी दोनमध्ये आणि तबला आपल्या घरी. मला घाम फुटला. आणि सगळं थांबल्यावर व्हायोलिनच्या पहिल्या रांगेतल्या एक बाई भारावून म्हणाल्या, "तो समुद्राचा भाग! काय धाडसी लिहिलंय! थंडी अक्षरशः हाडात शिरली."

मी "थँक यू" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हॅन्डलचा 'मसाया' पहिल्यांदा वाजला तो याच शहरात, १३ एप्रिल १७४२ रोजी, फिशँबल स्ट्रीटवर, म्हणजे जुन्या मासळी बाजाराच्या गल्लीत. गर्दी इतकी होणार होती की बायकांनी घेरदार झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात अशी विनंती केली होती. हॅन्डलनं ते सगळं २४ दिवसांत लिहिलं होतं. माझ्या वेळी कोणाकडे तलवार नव्हती, एवढंच मी घरी येऊन सांगितलं.

त्याच रात्री, म्हणजे तिकडच्या पहाटे साडेचारला, मावशीचा फोन आला. यंत्रमाग कधीच विकून झाले, पण पहिल्या पाळीच्या वेळेला उठायची सवय गेलेली नाही.

"अरे, तू माझ्यावर काहीतरी केलंयस म्हणे."

"तुझ्यावर नाही गं मावशी. ती आयर्लंडची मावशी आहे."

"मावशी ती मावशीच. आईनं पाठवलं होतं, ऐकलं मी सगळं. दोनदा."

सगळं! दोनदा! तीन वर्षांत हे वाक्य कोणीच बोललं नव्हतं. मी तिसरीत असताना आईला टायफॉइड झाला, तेव्हा दोन महिने मी या मावशीकडे होतो. तिनं माझं हंस वगैरे काही केलं नाही. रोज शिकरण-पोळी दिली, आणि मागांच्या खडखडाटात मला झोप लागावी म्हणून खाटेच्या कडेवर त्याच ठेक्यात थोपटत बसायची.

"मला एक सांग," ती म्हणाली, "ती मावशी आली की तो भोंगा का वाजतो? म्हशीला रेडकू सापडत नसल्यासारखा?"

"तो ट्युबा आहे मावशी. ती दुष्ट आहे ना, म्हणून."

"असेल. पण आई सांगत होती, हंस झाले तरी त्यांचा गळा तसाच राहिला. गात होते म्हणे."

खरं होतं. गोष्टीत तसंच आहे. शाप देऊन झाल्यावर फिनूला विनवते, ईफाला पश्चात्ताप होतो. शाप तिला मागे घेता येत नाही, पण तुमची वाचा राहील, तुमचं गाणं राहील, एवढं ती देते.

"म्हणजे गाणं तिनंच दिलं," मावशी म्हणाली. "आणि तू पोरांना एवढं गोड गाणं दिलंस आणि ते देणारीला भोंगा. एक सूरसुद्धा तिचा रडवा नाही. बघ बाबा. मला काय त्यातलं कळतंय." आणि दूधवाला आला म्हणून तिनं फोन ठेवला.

मी बराच वेळ अंधारात बसलो. मग संगणक उघडला. शापाच्या जागचा ट्युबा काढला. तिथे व्हायोला घेतला, एकटाच, हंसांचीच सुरावट, पण तिप्पट संथ. आणि चाचांनी पकडलेला तो चोरटा मध्यम डबल बासमधून उचलून मावशीच्या तोंडी घातला. आता तो त्या एकाच जागी लागतो, उघड, सगळ्यांना ऐकू येईल असा. हंसांच्या पाच स्वरांत जो बसत नाही, तो तिचा. बासरीला दर चार मात्रांनी श्वास दिला. आणि ते पट्टीचं बटण दाबलं. वादळ आता माझ्या मनासारखं वाजतं. व्हायोलिनवाल्या बाईंना ते बरंच मिळमिळीत झाल्यासारखं वाटलं.

महिनाभरानं त्यांनी मला पुन्हा बारा मिनिटं दिली. व्हायोला झाला, मध्यम लागला, आजींनी श्वास घेतले. मी खूप वेळानं मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत ट्युबावाले गृहस्थ ते भलं मोठं धूड मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या खेपेला त्यांनी ११२ मात्रांची पानं मोजत मोजत वाट पाहिली होती आणि मग नऊ स्वर वाजवले होते, जीव ओतून. आज त्यांनी पुन्हा सगळं मोजलं होतं. बोट अजून कागदावर होतं.

"म्हणजे ते माझे नऊ स्वर..." त्यांनी विचारलं.

"काढले," मी म्हणालो. "मावशीला आवडले नाहीत."

त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. तीही कोरी होती. मग त्यांनी खिशातून बिस्किट काढलं.

"ग्रँड," ते म्हणाले. अगदी आखूड.