घरटी एक लोफर

मराठवाड्यातल्या आमच्या सेलूत पूर्वी घरटी एक लोफर असे. अंगणात तुळस, माळवदावर वाळत घातलेले पापड आणि ओट्यावर लोफर, एवढं असलं की घर भरल्यासारखं दिसे. ज्यांच्याकडे तो नसे त्यांना लग्नकार्यात शेजारचा मागून आणावा लागे. आमच्या घरी ही जागा धाकट्या काकांकडे होती. कुणाचा वशिला न लावता, निव्वळ अंगच्या गुणांवर त्यांनी ती मिळवली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. नोकऱ्या मात्र मिळाल्या तशा सोडल्या.

काकांना शिव्या तीन भाषांत पडत. आजोबा निजामाच्या अमलात शिकलेले. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, त्यामुळे त्यांचा हिशेब आणि संताप दोन्ही उर्दूत. ते ‘निकम्मा’ म्हणत तेव्हा त्यातही एक अदब असे. आजीची मराठी अस्सल दुधनाकाठची. ती ‘उंडग्या’पासून सुरुवात करी आणि ‘ये आता गिळायला’वर संपवी. वडील मात्र मॅट्रिक. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. या उलथापालथीत आजोबांच्या उर्दूचा भाव उतरला आणि वडिलांच्या इंग्रजीचा चढला. सेलूवर इंग्रजांनी थेट राज्य कधी केलंच नव्हतं, त्यामुळे इंग्रजीवर इथं कुणाचा रागही नव्हता. पण मॅट्रिक झालेल्या माणसाला सेलूत इंग्रजी बोलायची संधी मिळणार कुठं? वडिलांना ती काकांमुळे रोज सकाळी घरबसल्या मिळे. ‘लोफर!’

इंग्रजी शिवीत मोठी सोय असते. एखाद्याला मराठीत आळशी म्हटलं की ‘हा कुणावर गेला?’ असा प्रश्न उठतो. मग आजी आजोबांच्या खानदानाकडे बोट दाखवणार, आजोबा आजीच्या माहेराकडे, आणि मूळ आळशी बाजूला राहून दोन गावं भांडणार. लोफरला कूळ नाही, गोत्र नाही. तो आभाळातून पडलेला. शिवी देऊन सगळे नातेवाईक सुखरूप. आमच्या इंग्रजीच्या सरांनीही शब्दांची वाटणी नीट केली होती. ‘इडियट’ पहिल्या बाकासाठी, ‘रास्कल’ अख्ख्या वर्गासाठी आणि ‘लोफर’ मागच्या बाकासाठी राखून ठेवलेला. ‘डँबिस’ हा शब्द म्हणे ‘डॅम बीस्ट’चा वंशज. खरंखोटं भाषापंडित जाणोत, पण आपण त्याला इतकं जवळ केलं की आता तो लाडक्या नातवालाच शोभतो. लोफरनं मात्र एवढं घर केलं नाही. त्याला ओट्यापर्यंतच मुभा.

१९७३ साली धर्मेंद्र आणि मुमताज यांचा ‘लोफर’ आला आणि वडिलांची पंचाईत झाली. काकांनी तो पाहिला आणि तेव्हापासून शिवीला पदवी समजू लागले. वडिलांनी ‘लोफर’ म्हटलं की ते खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवत. शिवीवर एवढी मोठी आपत्ती क्वचितच येते.

काकांना ही पदवी कुठून आली हे ठाऊक असतं तर त्यांनी कंगवा दोनदा फिरवला असता. शब्द मूळचा अमेरिकेतला. हिंदुस्थानात आला तेव्हा तो आपल्यासाठी नव्हताच, साहेबांसाठी होता. जहाजावरून पळालेले खलाशी, पलटणीतून सुटलेले सोल्जर, रेल्वेचं काम संपल्यावर रिकामे झालेले गोरे कामगार रस्तोरस्ती हिंडू लागले. राज्य करणाऱ्याचा भाऊबंद हात पसरून उभा, हे पाहून सरकारची मान खाली जाई. अशा गोऱ्यांना सरकारदरबारी लोफर म्हणत. त्यांच्यासाठी कायदा झाला, १८७४ चा युरोपियन व्हेग्रन्सी अ‍ॅक्ट. कामधंदा नाही, पोट कसं भरतो त्याचं दिसेल असं साधन नाही आणि तरी हिंडतोय, असा गोरा सापडला की त्याला सरकारी वर्कहाउसात टाकायचं, नाहीतर जहाजात बसवून देशाबाहेर रवाना करायचं. किपलिंगच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ या १८८८ च्या कथेतले दोन नायक याच जातकुळीचे. फरक इतकाच की ते राजे व्हायला निघाले. आमचे काका साधे नगरपालिकेलाही उभे राहिले नाहीत, कारण अर्ज भरायला सकाळी अकराला जावं लागे.

आपल्याकडे मात्र रिकाम्या हिंडणाऱ्याबद्दल एकदम मत बनवायला माणसं कचरतात, आणि त्यातही आमच्या मुलखातली जास्तच. साईबाबांचे गुरू सेलूचे, अशी इथली जुनी श्रद्धा आहे. दारात उभा राहिलेला कोण निघेल सांगता येत नाही, म्हणून आधी भाकरी वाढायची. पलीकडे जांब. तिथला बारा वर्षांचा नारायण ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून पळाला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्या संध्याकाळी वऱ्हाडी मंडळी त्याला काय काय म्हणाली असतील! पुढं तोच समर्थ रामदास झाला आणि दासबोधात मूर्खांची लक्षणं मोजून देता झाला. आजी या गोष्टीच्या आधारावर बरीच वर्षं थांबली होती. काका ओट्यावर आडवे दिसले की ती म्हणे, “चिंता करीत असंल विश्वाची.” काका घोरू लागले की तिचा विश्वास डळमळे.

काकांवर अवलंबून राहणं अवघड होतं, हे खरं. गूळ आणायला पाठवलं तर ते संध्याकाळी येत, गूळ सोडून सगळं घेऊन. म्हणजे कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचा बैल मेला, परभणीत कोणता साहेब बदलून आला, हे सारं अगदी ताजं. पण काही कामं अशी असतात की ती कामाच्या माणसाला जमत नाहीत. १९७२ नंतर कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि हंगामात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. गाडीपाशी मुक्काम ठोकायचा, नंबर सोडायचा नाही आणि रांग सरकली तरच उठायचं. अख्ख्या खानदानात या कामाची तालीम फक्त काकांनी केली होती. रात्री-अपरात्री कुणी गेलं तर लाकडं सांगायला काका. लग्नात पंगत उठवायला काका, रुसलेला जावई बसवायलाही काका. ‘मला वेळ नाही’ हे वाक्य त्यांना कधी बोलता आलं नाही आणि गाव त्याचा पुरेपूर फायदा घेई.

त्यांचं खरं ऑफिस म्हणजे स्टेशन. हैदराबादेहून मनमाडला जाणारी ही लाइन निजामाच्या काळातली, आधी मीटर गेज. काका रोज हजेरी लावत. मानवत रोडहून गाडी सुटली, परतूरहून सुटली, हे ते घंटीआधी सांगत. स्वतः कुठं जात नसत, पण जाणाऱ्याला जागा धरून देत. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं तेव्हा काका म्हणाले, “आता डबे मोठे. काम वाढलं.” हे काम त्यांना कुणी दिलं, हे विचारायचं वडिलांना धैर्य झालं नाही.

आता काका नाहीत, आजी-आजोबा नाहीत, वडीलही नाहीत. शिव्यांचं खातं ऐंशी ओलांडलेल्या आत्याकडे आलंय आणि समोर गिऱ्हाईक म्हणून माझा पुतण्या. तो पुण्याच्या कंपनीचं काम सेलूत घरबसल्या करतो. दहाला उठतो, लोडाला टेकतो, मांडीवर लॅपटॉप घेतो, कानात बोंडं घालतो आणि मधूनच एकटा हसतो. परवा त्यानं ऑनलाइन बूट मागवले. खोक्यावरचं नाव मी आत्याला वाचून दाखवलं, ‘लोफर’. आत्या म्हणाली, “आमच्या धाकट्याच्या अंगात होता, तुमच्या पायात आला.” आणि लगेच, “पण ह्याला बूट कशाला? हा उंबऱ्याबाहेर जातो कुठं? धाकटा निदान टेसनावर तरी जायचा.”

मी समजावलं की आत्या, हा काम करतो. तिला दिसेना. पोट कसं भरतो त्याचं दिसेल असं साधन समोर नाही, हा १८७४ च्या कायद्याचा मुद्दा तिनं न वाचता बरोब्बर पकडला होता. शेवटी पुतण्यानं तिला पगाराचा आकडा सांगितला. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “लोडाला टेकून बसायचं, चार येळा च्या प्यायचा, जगभराच्या गप्पा हाणायच्या. हेच काम धाकटा जल्मभर करीत व्हता. त्याला कामून नाही दिला कुणी पगार?”

तेव्हापासून ती पुतण्याच्या मागे लागली आहे. कंपनीला अर्ज लिही, धाकट्याची मागची थकबाकी वारसांना मिळते का, ते विचार. पुतण्या रोज ‘उद्या लिहितो’ म्हणतो.