शून्य रुपयांचं दरपत्रक

(विद्यापीठाची खरेदी समिती. मार्च महिना. महिनाअखेर खर्ची न पडलेला निधी परत जाणार, म्हणून सगळे वेळेवर हजर. असं वर्षातून एकदाच घडतं.)

कुलसचिव : एलएमएस, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली, घ्यायची आहे. नॅकचे लोक विचारतात. बाजारात काय काय आहे?

संगणकवाला : कॅनव्हास आहे, ब्लॅकबोर्ड आहे. ते विद्यार्थीसंख्येवर दरसाल पैसे घेतात. माझं मत मूडलला. परवान्याचे पैसेच नाहीत.

लेखाधिकारी : नाहीत म्हणजे किती?

संगणकवाला : शून्य.

लेखाधिकारी : मग जमणार नाही. शून्याची तीन दरपत्रकं कुठून आणू? आणि तिन्ही शून्यच आली, तर सर्वांत कमी कुठलं धरायचं?

कुलसचिव : मूडलवाल्यांकडून तसं लेखी घ्या ना!

संगणकवाला : सर, पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी हे सुरू केलं, २००२ साली पहिली आवृत्ती आली. मुक्त परवाना आहे. कोणीही उतरवून घ्यावं. आपण घेतलंय हे त्यांना कळवायचीसुद्धा सक्ती नाही.

लेखाधिकारी : न कळवता घेतलं! हे वाक्य ऑडिटवाल्यांसमोर उच्चारू नका.

ज्येष्ठ प्राध्यापक : (इतका वेळ बिस्किटांकडे लक्ष) मला एवढंच सांगा, त्यात पीडीएफ टाकता येते का?

संगणकवाला : सर, पीडीएफ काय घेऊन बसलात! प्रश्नपेढीतून प्रत्येकाला वेगळे प्रश्न देता येतात. चर्चा घेता येते. मुलं एकमेकांचे निबंध तपासतात, त्याचीसुद्धा सोय आहे.

प्राध्यापक : आणि तपासणीचं मानधन?

संगणकवाला : कोणालाच नाही.

प्राध्यापक : म्हणजे पीडीएफच बरी. तशी माझी मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर आहेतच. १९९८ च्या नोट्स पाठवल्या, की दोन मिनिटांत निळ्या टिका.

संगणकवाला : इथे त्याहून पक्की नोंद राहते. कोण कधी आलं, काय उघडलं, किती दिवस फिरकलंच नाही. शिक्षकांचीही.

प्राध्यापक : शिक्षकांचीही? (विराम) माझा कल पहिल्यापासून गूगल क्लासरूमकडे होता.

संगणकवाला : सर, गूगलने शाळा-कॉलेजांना आधी अमर्याद जागा दिली. सगळ्यांनी व्हिडिओ भरून ठेवल्यावर सांगितलं, अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट, वर हवं तर पैसे मोजा. मूडल आपल्या सर्व्हरवर, आपल्या ताब्यात राहतं.

कुलसचिव : फुकट आहे, ताब्यात आहे. मग अडलंय कुठे?

संगणकवाला : सांभाळायला माणूस नाही. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. रोजचा बॅकअप असतो. ऑनलाइन परीक्षेला हजार मुलांनी शेवटच्या मिनिटाला एकदम सबमिट दाबलं, की डेटाबेस मान टाकतो. तेव्हा त्याच्यापुढे कोणीतरी बसलेलं हवं. वाचलेल्या पैशांत एक पूर्णवेळ पद द्या.

कुलसचिव : पद? पदाला शासनाची मान्यता लागते. वस्तू मागा हो, वस्तू!

लेखाधिकारी : (चेहरा उजळून) सर्व्हर मागा की! त्याला किंमत असते, तीन दरपत्रकं येतात, डेडस्टॉक रजिस्टरला नंबर पडतो.

कुलसचिव : मग चांगला मोठा घ्या. एसीसकट.

प्राध्यापक : एसी स्टाफरूममध्ये बसवता येईल का?

संगणकवाला : पण सर, चालवणार कोण?

कुलसचिव : तुम्ही आहात की!

संगणकवाला : मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. ३१ मार्चला संपतोय.

कुलसचिव : अरे! आणि सर्व्हर कधी येईल?

लेखाधिकारी : बिल ३१ मार्चच्या आत येईल. सर्व्हर मेपर्यंत.

कुलसचिव : मग काय करायचं?

लेखाधिकारी : काही नाही. यांनी जाण्यापूर्वी पासवर्ड लिहून आवक-जावकला द्यावा. आणि पोच घ्यावी.