तुटक रेघेतली मोकळी जागा

घाटमाथ्यावर ‘सेकंड होम’ विकणाऱ्या माणसाला नकाशा फार बारकाईने वाचता येतो. महसुली गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात, पाऊलवाट एकेरी. आता रेघच तुटक म्हटल्यावर मधेमधे फटी राहणारच. त्या फटीत वाट नाही, असं या माणसाचं प्रामाणिक मत असतं. वाट नाही, म्हणजे प्लॉट आहे.

पहिल्या फटीत गेट बसतं, दुसरीत बंगला, तिसरीत पोहण्याचा तलाव. चौथीत खुर्ची टाकून वॉचमन बसतो आणि ‘कुणाकडे?’ विचारतो. ‘खाली कोकणात’ हे उत्तर त्याच्या रजिस्टरात मावत नाही. त्याला बंगला नंबर लागतो. लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने उतरलेली मोगल फौज 1661 साली उंबरखिंडीत कोंडली गेली. मधे असं एखादं गेट असतं, तर बिचारी खिंडीपर्यंत पोचलीच नसती. एवढ्या घोड्यांना व्हिजिटर पार्किंग कुठून आणायचं?

सातवाहनकाळातल्या लोकांनी पुरावा ठेवण्यात कसर केली नव्हती. जुन्नरहून कल्याणकडे उतरताना नाणेघाटात लेणं कोरलेलं आहे, त्यात ब्राह्मी लेख आहे, पाण्याची टाकी आहेत, आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा भलामोठा दगडी रांजण आहे. तेलबैल्याच्या बाजूला कड्याखाली ठाणाळे आणि खडसांबळे इथली लेणी आहेत, तीही घाटवाटांच्या सोबतीने. जुन्या वाटांचा माग काढणारे असंच करतात: टाकं, कोरीव पायऱ्या, लेणं, पुन्हा टाकं, असे ठिपके जोडत कडा उतरतात. पण ठिपके म्हटले की पुन्हा फटी आल्या! लेणं नोंदलेलं असेल तर त्याला निळा फलक मिळतो. दोन टाक्यांमधली वाट मात्र जेसीबीला एका दुपारचं काम. मग टाकं उरतं एकटंच, कड्याच्या काठाला, माहितीपत्रकात ‘पुरातन जलकुंडाचं दर्शन’ म्हणून छापायला. अरे, एवढ्या उंचीवर कातळ फोडून लोकांनी ते काय दर्शनाला खणलं होतं? ओझं घेऊन चढणाऱ्याला तहान लागते म्हणून खणलं. चढणाराच बंद केलात, आता पाणी कोण पिणार, तुमचा आर्किटेक्ट?

कायदा आहे म्हणे. शेताकडे, कुरणाकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतात. दावा मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांत हवा. कुंपणाचे खांब मे महिन्यात रोवले जातात. पाठोपाठ पाऊस येतो, मग पुरुषभर गवत. दिवाळी सरल्यावर धनगर गुरं घेऊन निघतो तेव्हा त्याला तार दिसते. तालुक्याला जाऊन नकाशाची नक्कल मिळेपर्यंत मुदत उलटलेली असते. आणि इतके दिवस गप्प का होतास, हे त्यालाच विचारलं जातं.