रविवारच्या पोह्यांवरून मला वाळीत टाकणाऱ्या पेट्रोलनिष्ठांस

श्री. रा. रा. पेट्रोलप्रेमी मंडळी,
मुक्काम भोपाळ.



पत्र लिहिण्यास कारण की, अरेरा कॉलनीत दर रविवारी सकाळी पोह्यांच्या ठेल्याशी भरणाऱ्या आपल्या धर्मसभेत माझ्याविरुद्ध ठराव आल्याचं कानावर आलं. आरोप असा की, कार्ब्युरेटर खोलून पुन्हा जसाच्या तसा लावू शकणाऱ्या उरल्यासुरल्यांपैकी एक असलेल्या या इसमाने हिरव्या पाटीची विजेची गाडी घेतली, ती तो रोज चालवतो, आणि वर तोंड करून पोहे खायलाही येतो. यातला तिसरा मुद्दा सभेला सर्वांत जास्त लागला म्हणे. तिन्ही आरोप खरे आहेत. माझ्या पोह्यांवरची शेव बंद करावी की मलाच बंद करावं, यावर अजून एकमत झालेलं नाही असं कळतं. तोवर माझी बाजू ऐकून घ्यावी.

सुरुवात सोवळ्यापासून करतो, कारण मला ‘बाटलेला’ म्हटलं गेलं. मंडळी, आपण ज्याला पेट्रोल म्हणता त्यात आता पाचवा हिस्सा इथेनॉल असतं. म्हणजे उसाची मळी, मका, तुटका तांदूळ. आपली सोळा व्हॉल्व्हची लाडकी गाडी अंशतः शेतीमालावर चालते आहे आणि तिच्यात बसून आपण मला बाटलेला म्हणता! लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, शिवाय त्याला पाण्याची भारी ओढ. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. हे आपण सगळे जाणतो, दर रविवारी त्यावर हळहळतो, आणि टाकी मात्र फुल करतो.

पाण्यावरून आठवलं. जून २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या रतलामजवळ एकामागोमाग बंद पडल्या. टाक्या खोलून पाहिलं तर डिझेलमध्ये पाणी. डिझेल हा आपला धर्म नव्हे, फार तर चुलतधर्म, हे मान्य. पण माझ्या गाडीत अजून तरी कोणी पाणी मिसळलेली वीज भरलेली नाही.

आणि फेब्रुवारी २०२१ विसरलात? आपल्या भोपाळात प्रीमियम पेट्रोलने शंभरी गाठली तेव्हा जुन्या यंत्रांना तीन आकडी भाव दाखवताच येईना, काही पंपांना विक्रीच थांबवावी लागली. एक तरुण हेल्मेट घालून, बॅट उंचावून पंपावर उभा राहिला आणि त्याचा फोटो देशभर फिरला. आपण तो एकमेकांना पाठवला, पोट धरून हसलो, आणि संध्याकाळी जाऊन टाकी भरून आलो. याला मी खरी भक्ती म्हणतो. भक्ताने दक्षिणेचा हिशेब ठेवायचा नसतो.

आता तो प्रश्न. ‘रेंज किती देते?’ हा मला न्यू मार्केटच्या पार्किंगवाल्याने विचारला, दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारला, आणि एका मयतीत, सुभाष नगरच्या घाटावर, अगदी हळू आवाजात, ‘कितनी चल जाती है, खां?’ असाही विचारून झाला. पेट्रोलच्या गाडीवाल्याला ‘तुमची टाकी किती किलोमीटरची?’ असं स्मशानात कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खरं तर या चिंतेचा मान पेट्रोलचाच. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेन्झबाई नवऱ्याला न सांगता मोटार काढून, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. वाटेत इंधन सरत आलं, तेव्हा वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानात जाऊन त्यांनी लिग्रोइन विकत घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास, आणि पहिल्याच प्रवासात ‘पोचतो की नाही’ची धाकधूक.

तरी उत्तर देतो, म्हणजे पुन्हा घाटावर विचारायला नको. माझ्याकडची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची होती. आपल्या वीजबिलाच्या भाषेत ३०.२ युनिट. चाचणीतला आकडा ३१२ किलोमीटर. असले आकडे चाचणीच्या शिस्तीतले असतात. एसी लावून हायवेवर शंभरच्या पुढे पळालं की त्यातला चांगलाच वाटा वारा खातो. आपल्या गाड्या गावात पितात आणि हायवेवर पुरवतात, हिचं नेमकं उलटं. सिग्नलला उभी असताना ही जवळजवळ काही खात नाही, आणि ब्रेक लावला की मोटरच उलटी जनित्र होऊन थोडी वीज परत बॅटरीत टाकते. बोर्ड ऑफिस चौकात तिला जितकं अडवाल तितकी ती खूश. आता मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत. इंदूर दोनशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे गाडी चार्जिंगला लावून सराफ्यात गराडू खाता येतात, यापलीकडे त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

खरी परीक्षा नागपूरची. १९५६ साली नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला आली आणि आमचे आजोबा नागपूरच्या सचिवालयातल्या फायलींबरोबर इकडे आले. फायली इथे रमल्या, नातेवाईक तिथेच राहिले. त्यामुळे लग्न, मुंज, बारसं, तेरावं, सगळं साडेतीनशे किलोमीटरवर. बुधनी, नर्मदेचा पूल, इटारसी, मग बैतूलकडचा घाट. घाट चढताना पडद्यावरचे टक्के डोळ्यांदेखत उतरतात. उतारावर त्यातले काही परत येतात, पण सगळे नाही. पूर्वी या रस्त्यावर मी कोणत्या वळणावर दुसरा गिअर टाकायचा याचा विचार करायचो. आता लघुशंका आणि चार्जिंग एकाच ठिकाणी कसं जमवावं याचा करतो. वयाला हेच शोभतं, असं आमच्या सौ.चं मत आहे.

मागच्या खेपेला वाटेत एका ढाब्याच्या आवारात चार्जर सापडला. त्याच्यासमोर एक डिझेल गाडी लावलेली, कारण आवारातली एकमेव सावली चार्जरच्या छपराची होती. मालक आत दाल तडक्यावर होते. ते सावकाश उठले, गाडी काढली. मग मी ॲप उघडलं, ॲपने आगाऊ पैसे मागितले, फोनला नेटवर्कची एकच काडी. पैसे गेले. गन लावली, हिरवा दिवा लागला, खटका वाजला, दिवा लाल. पुन्हा लावली, पुन्हा लाल. एवढ्यात ढाब्यावरचा पोरगा खांद्यावर फडकं टाकून आला. त्याने चार्जरचं मोठं लाल बटण दाबलं, दहापर्यंत मोजलं, बटण फिरवून वर काढलं, चार्जरच्या बगलेत एक थाप मारली आणि म्हणाला, “अब लगाओ अंकल.” लागलं! मंडळी, फ्युएल पंपाला पान्याची मूठ मारून गाड्या चालू करण्यात ज्यांची तरुणाई गेली, त्यांना याहून घरचं वाटणारं काय असेल? फक्त ऐंशी टक्क्यांनंतर ती मानपानाच्या जावयासारखी घास घास करून खाते. तेव्हा ऐंशीला उठावं आणि निघावं.

घरी मात्र रात्री वायर लावायची, सकाळी काढायची, एवढाच व्यवहार. आमच्या सोसायटीत आधी बरंच रामायण झालं. ‘एवढ्या विजेने लिफ्ट बंद पडेल’ इथपासून ‘पावसात सगळ्यांना करंट बसेल’ इथपर्यंत. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिली, त्यांची प्रत सूचनाफलकावर लावली. आक्षेप घेणारे गृहस्थ आता स्वतः बुकिंग करून बसलेत. खर्चाचं थोडक्यात सांगतो, कारण खर्च हा आपल्या पंथात क्षुद्र विषय मानतात: युनिटला सात-आठ रुपये धरले आणि युनिटमागे सहा-सात किलोमीटर, तर किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आसपास. पेट्रोलचं आपलं आपण काढावं.

या गाडीने खरं दुःख दिलं ते जहांगीराबादच्या उस्तादांना. तीन दशकांचा आमचा संबंध. ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, टॅपेट नाही. बॉनेट उघडून त्यांनी आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “भाईजान, इसमें खोलें क्या?” पण देव दयाळू आहे. एका सकाळी ती मुकाट पडली. दारं उघडेनात, पडदा काळा. मोठी बॅटरी भरलेली होती. मेली होती ती कोपऱ्यातली छोटी १२ व्होल्टची, जी गाडीचा संगणक जागा करते. उस्ताद आले, जंपर केबल लावली, गाडी उठली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काय वर्णावा! “इतनी बड़ी बिजली की गाड़ी, और मरी इस डिब्बे पे!” हे वाक्य ते अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात.

‘तुझी गाडी शेवटी कोळशावरच चालते’ हा आपला हुकमाचा एक्का. बरोबर आहे. नागपूरच्या वाटेवर बैतूल जिल्ह्यातच सारणीचं औष्णिक केंद्र आहे, खंडव्याकडे सिंगाजी आहे, आणि रात्री माझ्या वायरीतून येतं त्यात त्यांच्या धुराचा वाटा आहेच. रीवाला ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, पण त्यातली काही वीज दिल्लीची मेट्रो नेते आणि रात्री सूर्य सगळ्यांनाच सारखा. तरीही एक हिशेब राहतो. आपलं इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेतली तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसती उष्णता करून बाहेर टाकतं, आणि ती मे महिन्यातल्या भोपाळात, जिथे तिचा तुटवडा कधीच नव्हता.

राहिला आत्मा. ‘तिला आवाज नाही, आत्मा नाही.’ इंजिनाच्या आवाजाचं म्हणाल तर भटसुअर टेंपोच्या फडफडीत वाढलेले आपण, आपल्या कानांनी जरा नम्र राहावं. पण मुद्दा मला पटतो. माझी झेन अजून दारात आहे. ९९३ सीसी, ॲल्युमिनियमचं इंजिन, कार्ब्युरेटरवाली. वीस वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी वाढवायची फी २०२५ मध्ये दहा हजार झाली, तीही भरली. थंडीच्या सकाळी चोक ओढायचा, किल्ली फिरवायची, स्टार्टर कुरकुरतो, एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, मग सगळे. चोक हळूहळू आत ढकलत जायचा, घाई केली की रुसते. तेव्हा येणाऱ्या पेट्रोलच्या वासाचं कौतुक मी करणार होतो, पण १९८४ च्या वायुगळतीनंतर या शहरात हवेतल्या वासाबद्दल गमतीने लिहिताना हात थांबतो. तेवढं सोडतो.

पण तो जो स्टार्टर कुरकुरतो ना, ती विजेची मोटर आहे आणि ती बॅटरीवर चालते. १८९९ साली ताशी शंभर किलोमीटर प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती, कामिय झेनात्झीची. पेट्रोलच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत आणि हँडल उलटं बसलं की मनगट मोडत असे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसवला आणि मग पेट्रोलने विजेच्या मोटारींना बाजारातून हाकललं. म्हणजे आपलं साम्राज्य उभं आहे ते विजेच्या मोटरीच्या उपकारावर. शंभर वर्षांनी तिने थोडं व्याज मागितलं तर एवढं चिडायचं काय?

आता माझा प्रत्यारोप. पेट्रोलचा अपमान मी करत नाही, आपण करता. एवढी लाखमोलाची गोष्ट आपण कुठे जाळता? कोलार रोडवर, दूध आणायला. दीड किलोमीटर गेल्यावर इंजिन गरम व्हायच्या आत ते बंद करता. न जळलेलं पेट्रोल आणि वाफ ऑइलमध्ये उतरतात, आणि मग ‘हल्लीच्या इंजिनांत दम नाही’ म्हणता. बैरागढला तासभर पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. वळणाची मजा म्हणाल, तर ऐशबागच्या पुलावर २०२५ मध्ये सरकारने ९० अंशांच्या नावाने गाजलेलं वळण काढून आपल्यासाठी सोय केली होती, पण त्यापायी इंजिनियर निलंबित झाले. पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, पण तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. आपल्या सात हजार आरपीएमच्या नशिबी व्यापमं चौक.

मी माझ्या झेनला भाजी आणायला लावत नाही. बँकेत नेत नाही, पासपोर्टच्या रांगेत उन्हात तापवत नाही. ती कामं हिरव्या पाटीवालीकडे. झेन निघते ती पहाटे, रस्ता मोकळा असताना, केरव्याकडे किंवा भोजपूरला. इंजिन नीट तापतं, मग मी तिला तिच्या मर्जीने पळू देतो, आणि भोजेश्वराच्या पायऱ्यांशी तिला थंड होऊ देतो. तिच्यात पडणारा प्रत्येक थेंब गाडी चालवण्यासाठीच जळतो. आपल्यापैकी किती जणांना हे छातीवर हात ठेवून म्हणता येईल?

सबब विनंती अशी की, ज्यांना पेट्रोलची खरोखर कदर आहे त्यांनी ते गर्दीत जाळणं बंद करावं, रोजच्या पायपिटीला विजेची गाडी घ्यावी, आणि मला ठेल्यावर शेवेसकट पोहे मिळावेत. ठराव मागे घेतल्याचं रविवारपर्यंत कळवावं.

आपला,
एक पेट्रोलप्रेमी

ता. क. झेनच्या कार्ब्युरेटरचं दुरुस्ती किट कोणाकडे पडून असल्यास सांगावे. रोख पैसे देईन. रेंज विचारू नये.