बाटली आधी की पाहुणे आधी?

नाताळच्या जेवणात टर्की कोरडी झाली तरी इंग्रज माणूस ‘लव्हली’ म्हणत दुसऱ्यांदा वाढून घेतो. पोर्टची बाटली मात्र कुणी उजवीकडे सरकवली की त्याच्या भुवया वर जातात. पोर्ट डावीकडेच फिरते. का, ते कुणी धड सांगत नाही; पण पानात मीठ कुठे वाढायचं याचं कारण तरी आपण कधी कुणाला विचारलंय? बरं, एखाद्याने बाटली स्वतःपुढेच अडवून धरली, तर ‘आण इकडे’ म्हणणं अशिष्ट. मग त्याला हळूच विचारायचं, “नॉरिचच्या बिशपांशी ओळख आहे का तुमची?” जाणकार ओशाळून बाटली सरकवतो. अजाण माणूस “नाही बुवा” म्हणतो, आणि त्याला ऐकवलं जातं की बिशप तसे भले, पण बाटली पुढे द्यायला विसरायचे.

एवढं सोवळं ज्या पेयाभोवती, त्यातली कोणती बाटली उघडायची हे इंग्लंडातल्या आमच्या घरी सर्वानुमते ठरतं. सर्वानुमते म्हणजे न पिणाऱ्यांच्या मताला वजन जास्त.

कपाटात उमेदवार चार. सुपरमार्केटातली रुबी, एक ‘लेट बॉटल्ड विंटेज’, वीस वर्षांची टॉनी आणि भाऊजींनी बर्मिंगहॅमहून पोराला आणावं तशी मांडीवर घेऊन आणलेली २००७ सालची विंटेज. भाऊजींचं म्हणणं, सण म्हटला की विंटेजच. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. फाइल मागवल्याशिवाय ते सही करत नाहीत. “आधी हे बनतं कसं ते सांगा.”

पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नदीच्या खोऱ्यात, डोंगर उतरंडीने कापून केलेल्या पायऱ्यांवर ही द्राक्षं होतात. चांगल्या पोर्टसाठी अजूनही काही ठिकाणी ती ग्रॅनाइटच्या उथळ हौदात टाकून माणसं पायांनी तुडवतात. आधी खांद्याला खांदा लावून कवायतीसारखी, मग वाद्यं वाजायला लागली की नाचत. इथे सासूबाईंनी वाटाणे सोलणं थांबवलं. “पाय धुतात ना?” धुतात, म्हटलं. “घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत?” रस मांडीपर्यंत येतो हे सांगण्याची हिंमत कुणाला झाली नाही.

रस आंबायला लागला, पण निम्मी साखर अजून शिल्लक आहे, अशा वेळी त्यात द्राक्षांचीच ७७ टक्क्यांची कडक दारू ओततात. आंबणं जागच्या जागी थांबतं, गोडी टिकते आणि वाइन वीस टक्क्यांच्या आसपास जाते. अण्णांनी निष्कर्ष काढला : “म्हणजे ब्रँडी घातलेली. म्हणजे औषध.” यात ते एकटे नाहीत. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना मिळतो तो आजही कागदोपत्री प्रकृतिरक्षणासाठीच. आणि इंग्लंडचा धाकटा पिट लहानपणी अशक्त होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला रोज पोर्ट प्यायला सांगितली होती. तो चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाला. शेहेचाळिसाव्या वर्षी वारला, ते मी अण्णांना सांगितलं नाही.

इंग्रजांना या वाइनची गोडी लागली ती फ्रान्सशी भांडण झालं म्हणून. १७०३ च्या मेथ्युएन तहाने पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाला आणि मग देशभक्ती व व्यसन एकाच ग्लासात मावू लागलं. म्हणून बाटल्यांवरची नावं अजून टेलर, ग्रॅहॅम, वॉर, क्रॉफ्ट अशी. त्यातल्याच एका व्यापाऱ्याची, जोसेफ फॉरेस्टरची गोष्ट मला आवडते. दोरूचा पहिला बारकाईचा नकाशा त्यानेच काढला आणि १८६१ मध्ये तिच्याच धारेत होडी उलटून तो बुडाला. होडीत दोना आंतोनिया फरेरा ही तिथली नावाजलेली मळेवालीही होती, ती वाचली. लोक सांगतात, त्याच्या कमरपट्ट्यात सोन्याची नाणी होती म्हणून तो तळाशी गेला आणि तिचा घेरदार झगा फुगला म्हणून ती तरंगली. खरंखोटं दोरू जाणे. सासूबाईंना मात्र ही एकच गोष्ट पूर्ण पटली. त्या म्हणाल्या, नऊवारी असती तर दोघंही वाचली असती.

आता निवडीचं. रुबी बाद झाली, ती भाऊजींच्या चेहऱ्यामुळे. ‘लेट बॉटल्ड’ चार ते सहा वर्षं लाकडात राहून तयार होऊनच बाटलीत येते. गुणी, परवडणारी, पण तिच्याकडे बघून कुणाला भाषण सुचत नाही. खरा सामना विंटेज आणि टॉनीत.

विंटेज दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि मग ती अंधारात आडवी पडून दशकानुदशकं पिकते. तळाशी काळा गाळ साठतो. म्हणून आदल्या दिवशी बाटली उभी करायची, श्वास रोखून एका धारेत दुसऱ्या भांड्यात ओतायची, मानेमागे उजेड धरायचा आणि गाळाची पहिली रेघ दिसली की थांबायचं. बूच भुसभुशीत झालं असेल तर जुने रसिक लालबुंद तापवलेला चिमटा बाटलीच्या मानेला लावतात, वर ओलं फडकं. मान काचेसकट सुबक तुटते. भाऊजी ओट्यावरच्या सांडशीकडे बघायला लागले, तशी सासूबाईंनी ती उचलून आत ठेवली. आणि इतकं करून ही महाराणी उघडल्यावर दोन-तीन दिवसांत उतरते.

टॉनीने वाट बघण्याचं काम आधीच पिंपात उरकलेलं असतं. वीस वर्षं म्हणजे प्रत्येक थेंब वीस वर्षांचा नव्हे. अनेक सालांचं मिश्रण, आणि त्याची चव तेवढ्या वयाला साजेशी आहे की नाही, ते पोर्तुगालात अधिकृत संस्थेचे चाखणारे ठरवतात. (अशी सरकारी नोकरी असते हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते.) रंग विटकरी, चव अक्रोड-अंजीर-जळक्या साखरेची, गाळ नाही, गडबड नाही. उघडून फ्रिजात ठेवली तर कित्येक आठवडे तक्रार करत नाही. विंटेजबरोबर स्टिल्टन चीज लागतं, ज्याच्या वासाने सासूबाई खिडक्या उघडतात. टॉनीबरोबर घरातली शेंगदाण्याची चिक्कीही चालते. चालते म्हणजे काय, मला तर ती स्टिल्टनपेक्षा बरी वाटते.

मग मी माणसं मोजली. भाऊजी पिणारे. नवरा गाडी चालवणार. अण्णांना रक्तदाबाची गोळी, म्हणून टेबलस्पूनभर. जाऊबाई वास घेऊन परत देणाऱ्या. उरले मी. विंटेज ही घरात असलेल्या माणसांसाठी नव्हे, आपण मनात बोलावलेल्या पाहुण्यांसाठी घेतलेली असते. ते येत नाहीत, आणि तिचे दोन तृतीयांश तिसऱ्या दिवशी मटणाच्या रश्श्यात जातात.

टॉनी एकमताने निवडून आली. भाऊजी तटस्थ राहिले. विंटेज त्यांच्या पन्नाशीला उघडायची ठरली आहे, कारण त्या दिवशी आठ पिणारी माणसं नक्की येणार आहेत. तुमच्याकडेही अशी एखादी बाटली आडवी पडली असेल, तर सणाची तारीख बघू नका, आधी पिणारी डोकी मोजा. सहाच्या आत भरली तर टॉनी उघडा.