सॅमकाका, निम्म्याचा रकाना कुठाय?

ती. सॅमकाका, मुक्काम वॉशिंग्टन, यांस सा. न. वि. वि.

काका, न्यू जर्सीत एडिसनला राहणारं एक मराठी जोडपं डोळ्यांसमोर आणा. (काल्पनिकच समजा, नाहीतर नातेवाईक शोधत बसतील.) लग्न केलेलं नाही, घर एक, मुलगी चार वर्षांची. भाडं निम्मं-निम्मं, किराणा निम्मा-निम्मा, रात्री तिला पाणी द्यायला उठण्याच्याही पाळ्या. कोथरूडच्या मावशींनी ‘लग्न कधी?’ विचारणं सोडलंय. तुम्ही मात्र दर एप्रिलला विचारता, प्राप्तिकराच्या फॉर्म १०४०वर.

तुमच्या लेखी ते एका छपराखालचे दोन सुटे करदाते. मुलगी दोघांपैकी एकाच्याच विवरणपत्रात मावते. २०२५चं चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२०० डॉलरपर्यंत. ते अर्धं-अर्धं वाटून मिळत नाही. कोणी घ्यायचं ते दोघांनी आपसांत ठरवावं, एवढी मुभा आहे. दोघांनीही मागितलं आणि मुलगी दोघांकडे सारखेच दिवस राहिली, तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याला. बाळंतकळा कोणी सोसल्या, याला रकाना नाही.

खरी गंमत ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’ची. सगळं वाटून घेणाऱ्या घरात तुम्ही कर्ता शोधायला लावता! कर्त्याला २०२५ची प्रमाणित वजावट २३,६२५ डॉलर, सुट्या माणसाला १५,७५०. मुख्य अट: घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग त्याने उचललेला हवा. त्यात भाडं, वीज, दुरुस्ती, घरी खाल्लेलं अन्न धरायचं. कपडे, शिक्षण, औषधपाणी धरायचं नाही. म्हणजे तूरडाळीची पावती जपायची, मुलीच्या बुटांची फेकली तरी चालेल.

आणि खर्च अगदी निम्मा-निम्मा असेल तर? मग घराला कर्ताच नाही.

आता २०२५च्याच हिशेबात समजा, ती वर्षाला ३०,००० डॉलर कमावते, तो ८५,०००. मुलगी तिच्या विवरणपत्रात घातली, तर कमी मिळकतवाल्यांसाठीचं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिटही तिला मिळतं, तीन हजारांच्या वर. लग्न केलं की कमाईची बेरीज १,१५,००० आणि एक मूल असलेल्या विवाहित जोडप्यासाठी या क्रेडिटची मर्यादा ५७,५५४. क्रेडिट गेलं. जोडप्याला मिळणारे इतर फायदे धरूनही त्यांचा केंद्रीय कर सुमारे १,२०० डॉलरने वाढतो.

हे मावशींना पटवणारं पत्र मात्र तुम्हीच लिहा. पत्ता कळवतो.

कळावे, लोभ असावा.