जुन्यासारखं करून दे

निवृत्त मुख्याध्यापकाला नवा कॉम्प्युटर नकोच असतो. त्याला जुनाच पाहिजे असतो, फक्त न बिघडणारा. ही एक गोष्ट विकणाऱ्याला आधी कळली तर दोघांचाही बराच चहा वाचेल.

पुसेगावचे सर म्हणजे या वाणाचा अस्सल नमुना. पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. ते वेगळं. हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. तिकडच्या रथाला नोटांच्या माळा लागतात, इकडच्या पार्सलला पत्ता लागत नाही. म्हणून सर काहीही ऑनलाइन मागवत नाहीत. "आपली वस्तू आपल्याआधी सातारा पाहून येणार," असं म्हणून ते सरळ हिंगोलीला गेले आणि खोकं मांडीवर घेऊन परत आले.

सरांना नाव आहे, पण ते फक्त पेन्शनच्या पासबुकावर. गावात ते सर, सोसायटीत सर, एसटीत सर. काकूसुद्धा फोनवर "सर झोपलेत" असंच सांगतात. शर्टाच्या खिशात अजून दोन पेन असतात, एक निळा आणि एक लाल. निवृत्तीनंतर लाल पेनाला काम उरलं नाही, म्हणून सर लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करतात आणि ती पत्रिका आणणाऱ्याच्याच हातात परत ठेवतात.

जुना कॉम्प्युटर २००८ सालचा, विंडोज एक्सपीवाला. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्सपीवरून हात काढून घेतला. पण सरांनी कंपनीचा हात धरला होताच कधी? व्हायरस येईल म्हणून इंटरनेटची वायर काढून ठेवली आणि पुढची कित्येक वर्षं त्यावर सुखानं एक्सेल चालवलं. शेवटी एका पावसाळ्यात लाइट जाऊन झटक्यानं आली आणि एसएमपीएस जळाला. याआधीही जळाला होता, पण या वेळी मदरबोर्डही सोबत घेऊन गेला.

नव्यात जुनं घालायचं काम स्टँडजवळच्या मल्टिसर्व्हिसेसवाल्या पोराकडे आलं. सातबारा, पॅन कार्ड, पीकविमा, लॅमिनेशन, वाढदिवसाचे बॅनर, सगळं तोच करतो. तो सरांचा विद्यार्थी. सरांनी त्याला चौथीत छडी मारली होती, त्यामुळे तो सरांकडून पैसे घेऊ शकत नाही. हा हिशेब शहरातल्या माणसाला समजायचा नाही. सरांनी मुहूर्तही असा काढला की जुलैचा शेवटचा आठवडा, पीकविम्याच्या मुदतीचा. दुकानासमोर आधार कार्डं हातात धरलेली रांग, आणि पोरगा सरांच्या ओसरीवर.

"बाबू, एकच सांगतो," सर म्हणाले. "जुन्यासारखं करून दे."

खरं तर काम निम्मं झालंय अशी सरांची समजूत होती. मशिन जळायच्या आधी, एका रात्री शंका आली म्हणून त्यांनी स्क्रीनवरचं सगळं पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. सगळं मिळून काही केबी भरलं होतं. बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हला ढेकरसुद्धा आला नाही, याचं सरांना कौतुक वाटलं होतं. पोरानं ती नव्या मशिनला लावली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण.

"सर, हे शॉर्टकट हायेत."

"मग बरंच की. लवकर होईल."

शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे, फाइल कुठे आहे ते सांगणारी चिठ्ठी, हे समजावण्यात पहिला चहा झाला. मग जुनी हार्डडिस्क बाहेर काढली. ऐंशी जीबीची, रुंद पट्टीच्या केबलची. नव्या मशिनमध्ये तसली केबल लावायला जागाच नाही. ती यूएसबीला जोडायचा कन्व्हर्टर पोरानं हिंगोलीहून मागवला. तोवर डिस्क काकूंच्या धुतलेल्या नॅपकिनमध्ये, देवघरातल्या खालच्या फळीवर.

कन्व्हर्टर आला, डिस्क घरघरली आणि सरांचा संसार उघडला. 'परभणी' नावाचं एक फोल्डर होतं. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. सरांच्या डिस्कवर ते विभाजन अजून पूर्ण झालेलं नाही. परभणीच्या काळातले आदेश स्कॅन करून त्यात आहेत. त्याच्या शेजारी 'हिंगोली', 'हिंगोली नवीन', 'हिंगोली नवीन अंतिम' आणि 'हिंगोली अंतिम नंतरचे'. सेवापुस्तकाचं पान न् पान दोनदा, कारण पहिल्या वेळी शिक्का नीट आला नव्हता. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते पाच, आणि प्रत्येक हप्त्याचं स्वतंत्र फोल्डर.

"सर, यातलं थोडं काढून टाकू का? दोन-दोन, तीन-तीनदा हाय."

सरांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. या नजरेनं एकेकाळी अख्खा वर्ग पाढे म्हणायला लागायचा. "बाबू, ऑफिसात कागद एकदा दिला की हरवतो. दोनदा दिला की दुसऱ्यानं पहिला मागतात. तीन ठेवायचे."

यावर कोण काय बोलणार? ज्यानं आयुष्यभर पंचायत समितीला एकच माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत भरून दिलीय, त्याला 'डुप्लिकेट फाइल' हा दोष वाटतच नाही.

लग्नाच्या शूटिंगपाशी नवीन खोळंबा. लेकीच्या लग्नाची एकच लांबलचक फाइल, साडेचार जीबीची. पोरगा म्हणाला, नवीन हार्डडिस्कवर तर टाकतोच, पण एक कॉपी पेनड्राइव्हवर राहू द्या. पेनड्राइव्ह म्हणाली, फाइल फार मोठी आहे. बत्तीस जीबी मोकळी असून जागा नाही म्हणते हे ऐकून सरांना मागं सीटा मोकळ्या असताना दारातूनच हाकलणारा कंडक्टर आठवला. खरं कारण असं की पेनड्राइव्ह बहुधा फॅट ३२ पद्धतीनं आखलेली असते आणि त्यात एक फाइल चार जीबीच्या वर जातच नाही. एक्सफॅटनं फॉरमॅट केली की जाते. पोरानं ते केलं, पण आधी त्यावरचे शॉर्टकट सरांना दुसरीकडे ठेवून द्यावे लागले. त्यांनीच सांगितलं तसं.

मेलचा मामला मात्र खोल होता.

सरांचा जीमेल हिंगोलीच्या एका नेट कॅफेत उघडला होता. पासवर्ड कॅफेवाल्यानं ठेवला, जन्मतारीखही त्यानंच टाकली, १ जानेवारी. ज्या माणसानं पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी निम्म्या गावाला १ जून ही जन्मतारीख वाटली, त्याच्या वाट्याला हे यावं यात काहीतरी न्याय आहे. मोबाइल नंबर पुण्याच्या चिरंजीवांचा. त्यामुळे लॉग इन करताना कोड पुण्याला जातो, चिरंजीव मीटिंगमध्ये असतात, मीटिंग संपून कोड पुसेगावला पोचतो तेव्हा तो शिळा झालेला असतो. शेवटी चिरंजीव जेवायच्या सुट्टीत फोन कानाला लावून बसले तेव्हा जमलं. उघडून पाहतात तर जुनी एकही मेल नाही.

झालं होतं असं की २००८ साली मशिन बसवणाऱ्यानं आउटलुक एक्सप्रेस जोडून दिलं होतं आणि सेटिंग असं ठेवलं होतं की मेल मशिनवर उतरली की गुगलकडची कॉपी पुसायची. म्हणजे सरांचा टपालखाना गुगलकडे नव्हताच, तो नॅपकिनमधल्या डिस्कवर होता. तोही 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नाही. लपवलेल्या फोल्डरच्या आत, 'आयडेंटिटीज' नावाच्या खोलीत, कंसातल्या लांबलचक आकड्याअक्षरांच्या दाराआड, डीबीएक्स जातीच्या फायलींत. आणि नव्या विंडोजमध्ये आउटलुक एक्सप्रेस हा प्रकारच नाही. पोरगा दोन रात्री जागला. कुठून तरी एक चालता एक्सपी शोधला, त्यात त्या फायली उघडल्या, एकेक मेल ओढून सुट्या फायली केल्या आणि त्या थंडरबर्डमध्ये भरल्या.

त्या मेली मी पाहिल्या आहेत. आलेल्या मेलींत एकही साधी नाही, सगळ्या 'अतिशय तातडीचे'. आज दुपारी दोनपर्यंत माहिती सादर करावी, विलंबास आपण जबाबदार राहाल. माहिती काय, तर शाळेतल्या पंख्यांची संख्या, पैकी फिरणारे. पण पाहण्यासारख्या आहेत त्या सरांनी पाठवलेल्या. प्रत्येकीवर जावक क्रमांक. घरच्या मेलीसुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. प्रति, चि. अमुक, पुणे. विषय : दिवाळीस गावी येणेबाबत. संदर्भ : आपले दूरध्वनी संभाषण. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या मातोश्रींनी अनारसे करावयास घेतले असून आपण सहकुटुंब कधी पोहोचणार याबाबतचा स्वयंस्पष्ट अहवाल उलटटपाली पाठवावा. त्यावर चिरंजीवांचं उत्तर, 'ओके पप्पा'. ते सरांनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय. नाव, 'अपूर्ण माहिती'.

"सगळं आलं ना? मग आता सांग, जावक क्रमांक पुन्हा एकपासून तर सुरू होणार नाही?" सरांना चिंता होती ती एवढीच.

यापुढं सगळं सुरळीत झालं असतं, पण सरांनी २००९ ची सहामाहीची प्रश्नपत्रिका उघडली. नव्या स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि डॉलर. त्या काळची टायपिंग कृतिदेव नाहीतर श्रीलिपी, म्हणजे आत साठवलेली अक्षरं रोमनच, वर फॉन्टनं चढवलेला मराठी मुखवटा. फॉन्ट नाही तर मुखवटा नाही. सर गप्प झाले. मग जे बोलले ते लक्षात ठेवावं असं होतं. "नर्सी इथून लांब नाही. नामदेव महाराज पंजाबात गेले, त्यांची ६१ पदं गुरुमुखीत गुरू ग्रंथ साहिबात बसली, अजून वाचतात लोक. अन् माझी प्रश्नपत्रिका पुसेगावातून पुसेगावात येताना वाचायला येईना?"

पोरानं फॉन्ट टाकून दिले. युनिकोडमध्ये बदलून देणारं कन्व्हर्टरही चालवलं. पण कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडला ती नंतर लागते, त्यात काही शब्दांची वेलांटी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसली. 'शिक्षक'चं 'शक्षिक' झालं. ते पाहून सरांचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांनी लाल पेनाला काम मिळालं होतं. त्यांनी सगळं प्रिंट करायला सांगितलं.

तेव्हा कळलं की डिस्कवरच्या जवळजवळ प्रत्येक फाइलची छापील प्रत आतल्या कपाटात आहेच, कापडात बांधून, डांबरगोळ्या घालून.

"मग सर, हे हलवायलो कशाला आपण?"

"कपाटाला वाळवी लागली तर?"

राहता राहिलं रूप. सर फाइल नावानं शोधत नाहीत, जागेनं शोधतात. तिसऱ्या ओळीतलं पाचवं म्हणजे सेवापुस्तक, त्याच्या खाली पेन्शन, कोपऱ्यात नातवाचे फोटो. नव्या मशिननं सगळं नावाप्रमाणे लावलं आणि सर आपल्याच घरात चाचपडायला लागले. पोरानं एकेक चित्र ओढून जागेवर नेलं, सर शेजारी उभं राहून "अजून थोडं डावीकडं" सांगत होते. मग मागचं चित्र. एक्सपीचा तो हिरवा माळ आणि निळं आभाळ पाहिजेच. तो फोटो १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकारानं काढला. तिथं आधी द्राक्षाचे वेल होते, कीड पडली म्हणून उपटले आणि मधल्या काळात गवत माजलं, तेवढ्यात हा माणूस तिथून चालला होता. सरांना त्या चित्राबद्दल पहिल्यापासून एकच शंका आहे. "एवढं गवत, अन् एक जनावर नाही चरायला?"

पाचव्या दिवशी काम संपलं. पोरानं हात झटकले, काकूंनी पोहे आणले. रांगेतली माणसं ओसरीपर्यंत आली होती. सर नव्या मशिनसमोर बसले आणि एका बोटानं बराच वेळ टाइप करत राहिले. थोड्या वेळानं शेजारीच बसलेल्या पोराच्या खिशातला फोन वाजला. मेल होती. जावक क्रमांक जुना सोडला तिथून पुढचा. विषय : नवीन संगणकातील त्रुटींची पूर्तता करणेबाबत. अतिशय तातडीचे.

त्रुटी बऱ्याच होत्या. पंख्याचा आवाज येत नसल्याने संगणक सुरू आहे की नाही ते समजत नाही. सुरू होण्यास अत्यंत कमी वेळ लागत असल्याने दरम्यान चहा घेता येत नाही. जुन्या संगणकाचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असे, नवीन संगणक बरोबर वेळ दाखवीत आहे. तरी आज दुपारी दोनपर्यंत पूर्तता अहवाल सादर करावा, विलंबास आपण जबाबदार राहाल.

पोरानं घड्याळ पाहिलं. सव्वादोन झाले होते.